पांढरा चट्टा, तीन तुकडे आणि रद्द झालेली एक तपासणी

बाई ३८ वर्षांची. धाराशिव जिल्ह्यातलं गाव, तीन बाळंतपणं, धाकटा ११ वर्षांचा झाला, त्याच्या पाठोपाठ कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. पाळी २८ दिवसांनी, नियमित. नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तक्रारी दोन: आठ महिन्यांपासून अंगावरून पांढरं जातंय आणि गेल्या दोन महिन्यांत संबंधानंतर दोनदा रक्त दिसलं. दुसरी तक्रार तिने आपणहून सांगितली नव्हती. आशाताईंनी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा बाहेर आली. (ही कुणी एक विशिष्ट बाई नाही. नेहमी दिसणाऱ्या प्रकरणांवरून हे एक प्रकरण बेतलं आहे. तारखा दिल्या आहेत त्या हिशोब कळावा म्हणून.)

८ सप्टेंबरला उपकेंद्रावर ३० वर्षांवरच्या बायकांची तपासणी होती. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांचं गर्भाशयमुख दर ५ वर्षांनी तपासायचं असतं आणि पद्धत साधी असते: पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. हिला उमटला. कागदावर ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’ असं लिहून पुढे पाठवलं. व्हीआयए म्हणजे हीच तपासणी, आणि पॉझिटिव्ह म्हणजे चट्टा दिसला, पुढे तपासायला हवं, एवढंच.

गोंधळाची सुरुवात इथेच झाली. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द खेड्यात दोनच अर्थांनी पोचलेला आहे, एचआयव्ही किंवा करोना. नवऱ्याने पहिला अर्थ घेतला, सासूने ‘कॅन्सर’ ऐकलं. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं, तर ‘पिशवीच्या तोंडावर जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाकलेली बरी’ असा सल्ला मिळाला. ना तुकडा तपासला, ना सोनोग्राफी केली.

या ‘जखमे’बद्दल आधीच बोललेलं बरं. पिशवीच्या तोंडाला आतून लालसर, मखमली दिसणारं एक अस्तर असतं आणि बाहेरून फिकट गुलाबी, गुळगुळीत. बाळंतपणं झालेल्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईत आतलं लाल अस्तर पुष्कळदा बाहेर डोकावतं. ते जखमेसारखं दिसतं, पण जखम नसते. तिथून पांढरं जास्त जाऊ शकतं आणि हात लागला तर थोडं रक्तही येऊ शकतं. तेवढ्यावर पिशवी काढायचं कारण नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये राज्यभर गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या किती बायकांना फक्त पांढरं जात होतं, हा प्रश्न अजून बोचतो.

उलटी बाजूही तेवढीच खरी. ‘जखम’ समजून पिशवी काढली आणि तोंडाशी खरोखरच कॅन्सर निघाला, तर साध्या ऑपरेशनने तो पुरता निघत नाही. अशा कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं आणि मोठं असतं. आधी अर्धवट ऑपरेशन झालेल्या बाईला पुढे किरणोपचारांना सामोरं जावं लागतं. आधी तुकडा, मग निर्णय. हा क्रम उलटला की पेशंट दोन्हीकडून मार खाते.

रद्द झालेली तपासणी

जिल्ह्याच्या ठिकाणी कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड बघायची तपासणी, आठवड्यातून एकदाच होते असं धरू. १९ सप्टेंबरला बाई आली, पाळीचा २२वा दिवस. आदल्या दोन रात्री तिने मेडिकलमधून आणलेली योनीमार्गात ठेवायची गोळी ठेवलेली. पांढऱ्यासाठी ती तिथे न विचारता मिळते. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) उघडला तर पिशवीच्या तोंडावर दह्यासारखा पांढरा थर. कापसाने पुसावा तर नाजूक कातडी खरवडते आणि रक्त येतं, न पुसावं तर गोळीचा पांढरा आणि ॲसिडचा पांढरा वेगळा ओळखू येत नाही. तपासणी थांबवली, तेच योग्य होतं. पुढच्या आठवड्यात, २६ तारखेला पाळी आली. म्हणजे एका गोळीपायी दोन आठवडे गेले. ज्या घराने मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि नोव्हेंबरात गाडी निघणार आहे, त्या घरात दोन आठवडे म्हणजे कधीकधी अख्खा हंगाम. ही बाई मेमध्ये परतेपर्यंत पुन्हा सापडली नसती.

म्हणून तपासणीला बोलावताना चार गोष्टी तोंडी सांगायच्या आणि चिठ्ठीवर मराठीत लिहायच्या. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत कुठलंही औषध नको, आतून पाण्याने किंवा डेटॉलने धुणं नको. पाळी सुरू झाल्यापासून साधारण ८ ते १२ दिवसांत यायचं. खरं तर रक्तस्राव नसेल तो कुठलाही दिवस चालतो, पण या दिवसांत तोंडाशी स्राव पातळ, पारदर्शक असतो आणि चांगलं दिसतं. उपाशी यायचं नाही. आपल्याकडे ‘तपासणी’ म्हटलं की बायका सकाळपासून पाणीही घेत नाहीत आणि मग टेबलावरून उठताना घेरी येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, आयोडिनची ॲलर्जी असेल, दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगायचं. सोबत शेवटच्या पाळीची तारीख, जुने कागद आणि एक पॅड.

टेबलावर

३ ऑक्टोबर, पाळीचा आठवा दिवस. निघण्याआधी तिने पॅरासिटामॉल घेतलेली. लघवी करून ती टेबलावर आली. कमरेखालचे कपडे काढले, चादर अंगावर, पाय आधारांवर. साडी असेल तर ती सोडावी लागत नाही, वर गुंडाळून घेता येते. हे आधी सांगितलं की बाईचा अर्धा ताण उतरतो.

पहिली सूचना सगळ्यांना तीच: ‘ताई, अजून थोडं खाली सरका.’ कंबर टेबलाच्या कडेला टेकेपर्यंत. बायका संकोचाने वर सरकतात, मग स्पेक्युलमचा कोन चुकतो आणि पिशवीचं तोंड सापडायला वेळ लागतो. दुखण्याचं निम्मं कारण हेच. दुसरं कारण आवळून धरणं. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच इथे ढिले सोडायचे असतात. नुसतं ‘ढिलं सोडा’ म्हणून काही होत नाही. ‘तोंड उघडं ठेवून हळू श्वास सोडा, बूड टेबलावर जड टाका’ म्हटलं की जमतं.

स्पेक्युलम म्हणजे बदकाच्या चोचीसारखी दोन पाती. कोमट पाण्यात धरून आणलेला असेल तर दचकायला होत नाही. आत जाताना दाब जाणवतो, ताण जाणवतो. कळ यायला नको. कळ आली तर सांगायचं. लहान मापाचा स्पेक्युलम मिळतो. पाळी गेलेल्या बायकांत आतली कातडी कोरडी, पातळ असते, तिथे लहान मापच बरं. या बाईची अडचण वेगळी होती. तीन बाळंतपणांनंतर बाजूच्या भिंती सैल पडल्या होत्या आणि पात्यांमधून आत लोंबून दृश्य झाकत होत्या. त्याला जुना, स्वस्त उपाय आहे: निरोधचं टोक कापायचं, ती नळी दोन्ही पात्यांवर चढवायची आणि मग स्पेक्युलम घालायचा. भिंती बाहेरच राहतात. ज्या केंद्रात हे माहीत नसतं, तिथे ‘नीट दिसलं नाही’ असा शेरा मारून बाईला परत पाठवतात.

कॉल्पोस्कोप बघून बायका घाबरतात, कारण ‘दुर्बीण’ म्हटलं की ती आत घालणार असंच वाटतं. ती आत जात नाही. टेबलापुढे उभ्या केलेल्या दांड्यावर ती सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावरून बघते. उजेड आणि भिंग, बाकी काही नाही. हान्स हिन्सेलमान या जर्मन डॉक्टरने १९२५ मध्ये ती बनवली, तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही.

आधी सलाईनच्या बोळ्याने तोंड पुसलं, नुसतं बघितलं, मग हिरवा फिल्टर लावून रक्तवाहिन्या बघितल्या. हिरव्या उजेडात त्या काळ्या दिसतात. हे ॲसिडच्या आधीच करायचं असतं, कारण ॲसिड लागलं की सूज येऊन बारीक वाहिन्या झाकल्या जातात.

मग ५ टक्के ॲसिटिक ॲसिड. ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ९५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळलं की तयार होतं. तीव्रता स्वयंपाकातल्या व्हिनेगरएवढीच. बाटलीवर बनवल्याची तारीख हवीच. आणि ग्लेशियलची मूळ बाटली त्या खोलीत ठेवूच नये. ते ॲसिड न मिसळता लागलं तर कातडी भाजते. अशी चूक एकदाच होते, पण ती आयुष्यभराची. बोळा पूर्ण भिजवून तोंडावर धरायचा आणि घड्याळात ६० सेकंद मोजायची. घाई केली तर चट्टा उमटायच्या आतच ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. बाईला या मिनिटात थंड आणि किंचित चुरचुर वाटते.

पांढरं का होतं? बिघडलेल्या पेशींमध्ये केंद्रक मोठं आणि प्रथिनं दाट असतात. ॲसिडने ती तात्पुरती साकळतात, उजेड आरपार जात नाही, जागा पांढरी दिसते. काही मिनिटांत हे उतरतं, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा लावावं लागतं. पण नुसत्या पांढऱ्यावरून निकाल देता येत नाही. बरी होत असलेली कातडी पांढरी होते, सुजलेली पांढरी होते. फरक चालीत असतो: साधा पांढरेपणा पातळ, कडा अस्पष्ट, लवकर विरणारा. काळजीचा पांढरेपणा झटकन येतो, दाट असतो, कडा आखीव असतात आणि रेंगाळतो.

या बाईत वरच्या ओठावर, घड्याळाच्या १० ते २ वाजेपर्यंतच्या जागेत, साधारण १२ मिलिमीटरचा दाट पांढरा चट्टा. कडा स्पष्ट पण वेड्यावाकड्या. आत जाड, ओबडधोबड फरशीसारखी वाहिन्यांची नक्षी. खालच्या ओठावर ६ वाजता एक पातळ, विरणारा पांढरा पट्टा. दोन अस्तरांची सांधरेषा पूर्ण गोलाकार बाहेरच दिसत होती. ही मोठी जमेची बाजू, कारण बिघाड त्या रेषेच्या आसपासच सुरू होतो. रेषा आत नळीत लपलेली असेल तर डोळ्यांनी दिसलं त्यावर विसंबता येत नाही.

शेवटी लुगोलचं आयोडिन. निरोगी पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, भरलेलं असतं, त्या गर्द तपकिरी रंगतात. बिघडलेल्या पिवळट राहतात. वरचा चट्टा ठिकठिकाणी मोहरीच्या पिवळ्या रंगाचा राहिला. स्वीड स्कोअरमध्ये पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. इथे पांढरेपणा २, कडा १, वाहिन्या २, आकार १, आयोडिन १. एकूण १० पैकी ७. जितके गुण जास्त, तितकी काळजी जास्त. स्कोअर मांडण्याचा फायदा असा की ‘बघून वाईट वाटतंय’ एवढ्यावर कागद संपत नाही आणि दुसरा डॉक्टर त्याच आकड्यावरून पुढे जाऊ शकतो.

तुकडे

तीन तुकडे घ्यायचं ठरलं: ६ वाजता, ११ वाजता, १ वाजता. क्रमही असाच, खालचा आधी. वरचा आधी घेतला तर रक्त ओघळून खालची जागा झाकते. चिमटा तीनेक मिलिमीटरचा तुकडा उचलतो. पिशवीच्या तोंडाला कापल्याची जाणीव फार कमी असते, बहुतेक वेळा भूल लागत नाही. जाणवतो तो चिमट्याचा खटका आणि पाळीतल्यासारखी एक कळ.

‘ताई, मी तीन म्हणलं की जोरात खोका बरं.’

‘खोकू?’

‘हां, मोठ्यानं. एक, दोन...’

खोकल्याच्या झटक्यात चिमटा मिटतो आणि तो क्षण निघून जातो. युक्ती नुसती मन वळवण्याची नाही. भुलीच्या इंजेक्शनशी तुलना करून बघितली गेली आहे आणि दुखणं जवळपास सारखंच निघालं आहे. इंजेक्शनचीही टोच असतेच.

रक्त थांबवायला मॉन्सेलची पेस्ट लावली. ही लोहाच्या क्षाराची, मोहरीच्या रंगाची घट्ट पेस्ट असते. ती रक्ताशी मिळून काळी पडते आणि पुढचे दोन-चार दिवस चहाच्या चोथ्यासारखं काळपट काही पॅडवर पडतं. आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या दिवशी धावत येते, ‘आतून सडलंय’ म्हणून.

तुकडे लगेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये, प्रत्येकाची बाटली वेगळी, बाटलीवर नाव आणि जागा: ६, ११, १. लेबल बाटलीला लावायचं, झाकणाला नाही. झाकणं अदलाबदल होतात. फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. संपलंय म्हणून सलाईनमध्ये टाकलेला तुकडा लॅबमध्ये पोचेपर्यंत खराब होतो आणि मग ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट येतो. दोष कुणाचाही असो, पुन्हा टेबलावर बाईच झोपते.

स्पेक्युलम आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत १५ मिनिटं. नंतर दहा मिनिटं आडवं पडून राहायचं. पिशवीच्या तोंडाला चिमटा बसला की काहींची नाडी एकदम मंदावते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय उंच केले की पाच मिनिटांत ओसरतं. घाई करून उठवलेली बाई दारात कोसळते.

घरी गेल्यावर दोन ते पाच दिवस थोडं रक्त किंवा काळपट जाणं ठीक. पॅड वापरायचं. आठवडाभर संबंध नको. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, ताप १०० च्या वर, घाण वास, ओटीपोटात वाढत जाणारी कळ, यातलं काही झालं तर वाट न बघता यायचं. हे क्वचितच होतं.

उठताना तिने विचारलं, ‘मॅडम, कॅन्सरच आहे का मग?’ या टप्प्यावर प्रामाणिक उत्तर एकच: आत्ता दिसतंय ते कॅन्सरच्या आधीचं वाटतंय, नक्की तुकडा सांगेल, दहा दिवसांनी या. ‘काही नाही, घाबरू नका’ म्हणून पाठवलेल्या बाया दहा दिवसांनी येत नाहीत. काही नाही तर कशाला यायचं?

रिपोर्ट आणि पुढचं

१३ ऑक्टोबर: ६ वाजता जुनी सूज, १ वाजता सीआयएन २, ११ वाजता सीआयएन ३. सीआयएन म्हणजे कॅन्सर नव्हे. वरच्या थरातच अडकलेला बिघाड, ज्याची खालची सीमा अजून शाबूत आहे. १ ते ३ या त्याच्या चढत्या पायऱ्या. सीआयएन १ बहुतेक वेळा दोनेक वर्षांत आपोआप जातो. ३ चं तसं नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात गेल्या शतकात काही बायकांना सीआयएन ३ असूनही मुद्दाम पुरता उपचार दिला नाही. त्या अनैतिक प्रयोगाची आकडेवारी पुढे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली: ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के बायकांना कॅन्सर झाला. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याच्याही आत. या आकड्यात भीती आहे तशी सवडही आहे. घाबरून उद्याच पिशवी काढावी इतकी घाई नाही, आणि पुढच्या हंगामानंतर बघू इतकी ढिलाईही परवडत नाही.

चट्टा पूर्ण दिसत होता, नळीत शिरलेला नव्हता, तोंडाच्या तीन चतुर्थांशापेक्षा बराच कमी होता. या अटी जुळल्या की गरम प्रोबने १०० अंशांवर पाऊण-एक मिनिटात जाळूनही भागतं. पण इथे संबंधानंतरचं रक्त होतं, वाहिन्यांची नक्षी जाड होती. जाळलं की तपासायला काही उरत नाही. म्हणून विजेच्या तारेने तो भागच काढून पॅथॉलॉजीला पाठवायचा, म्हणजे लेट्झ, असं ठरलं. १७ ऑक्टोबरची तारीख मागे मोजून काढलेली होती. खपली दहाव्या ते चौदाव्या दिवशी पडते आणि तेव्हाच रक्त वाढायची भीती असते. तो काळ गावात, दवाखान्याच्या टप्प्यात जायला हवा. दोन-तीन आठवडे मोळी उचलणं नको, चार आठवडे संबंध नको. नवऱ्याला समोर बसवून, कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितलं. कोयता, म्हणजे ऊसतोडीची ही नवरा-बायकोची जोडी, आठ-दहा दिवस उशिरा निघाला.

लेट्झची जाणीव अशी: मांडीला चिकटवलेली पट्टी, लिग्नोकेन-ॲड्रिनलिनचं भुलीचं इंजेक्शन आणि त्यानंतर मिनिटभर छातीत धडधड (ती ॲड्रिनलिनची, सांगून ठेवायची), धूर ओढणाऱ्या मशीनचा घुंऽऽ आवाज, जळका वास. तार फिरते ती काही सेकंदंच. काढलेला भाग नखाएवढा. रिपोर्ट: सीआयएन ३, कडा मोकळ्या, कॅन्सर नाही. पिशवी जागेवर, अंडाशयं जागेवर, पाळी चालू.

तिचा जिल्हा या विषयात जगभर उद्धृत होतो, हे तिला कुणी सांगितलं नसेल. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर मोठी चाचणी झाली, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या सहभागाने. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू. त्याची एकदाच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. एकदाच केलेल्या ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे शिबिरात एकदा ‘निगेटिव्ह’ आलेल्या बाईने तो कागद जन्मभराचा दाखला समजू नये.

या बाईची पुढची तपासणी वर्षाने, १७ ऑक्टोबरच्या आसपास, गाडी निघायच्या आधी. लेट्झनंतर सांधरेषा आत सरकते, ॲसिड लावून बघणं तेवढं भरवशाचं राहत नाही. एचपीव्हीची चाचणी मिळाली तर तीच करायची. काडी आत फिरवून नमुना तिचा तिलाही घेता येतो. कार्डावर पुढच्या तारखेशेजारी आशाताईंचा नंबर लिहिला, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘येण्याआधी दोन दिवस आत गोळी ठेवू नये.’